नाशकात पहिल्यांदा मुक्कामाला येताय? खोली आणि जेवण असं ठरवा

नाशिकला यायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाइलवर फोटो बघून खोली घेतात. इथे उतरल्यावर लक्षात येतं की पहाटे रामकुंडावर पोचायचंय आणि मुक्काम पडलाय गंगापूर धरणाच्या बाजूला. किंवा काम अंबडच्या कंपनीत सकाळी नऊला, आणि खोली पंचवटीतल्या अशा बोळात की गाडी बाहेर काढायलाच अर्धा तास. खोली वाईट नसते, जागा चुकलेली असते.

हे शहर सकाळचं आहे. गोदाघाटावरचे विधी सकाळी, त्र्यंबकची दर्शनाची रांग सकाळी, कोर्टकचेरी सकाळी, आणि ज्या मिसळीसाठी लोक मुंबई-पुण्याहून गाडी काढतात तीही सकाळीच खायची असते. म्हणून पहिला प्रश्न एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्हाला कुठे असायचंय? त्याचं उत्तर मिळालं की खोली कुठे घ्यायची ते आपोआप ठरतं, आणि खोली ठरली की जेवणाचं निम्मं गणितही सुटतं.

आधी भाग ठरवा, हॉटेल नंतर

दशक्रिया, अस्थिविसर्जन, गोदास्नान किंवा काळाराम-कपालेश्वराचं दर्शन यासाठी येत असाल तर पंचवटीतच राहा. नदीच्या या काठावर धर्मशाळा, भक्तनिवास, साधे लॉज यांची गर्दी आहे आणि रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हे सगळं पायी होतं. विधीसाठी आलेल्यांनी खोली शोधायच्या आधी आपल्या तीर्थपुरोहितांना फोन करावा. बऱ्याच गुरुजींकडे किंवा त्यांच्या ओळखीत राहण्याची सोय असते आणि विधीच्या दिवशी लागणारं साधं, कांदा-लसूण नसलेलं जेवणही तिथेच ठरवता येतं. पंचवटीत दोन गोष्टींची तयारी ठेवा. पहाटेपासून घंटा आणि भोंगे सुरू होतात, त्यामुळे झोप सावध असणाऱ्यांनी रस्त्याकडेची खोली घेऊ नये. आणि चारचाकी घाटाजवळ नेण्याचा हट्ट करू नये. गाडी लांब लावून रिक्षाने जाणं सोपं पडतं.

कोर्टाचं काम, कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कुणी दाखल असेल, किंवा नुसतंच एसटीने येऊन एसटीने पुढे जायचं असेल, तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, त्र्यंबक नाका, शरणपूर रोड हा पट्टा धरा. त्र्यंबककडे जाणाऱ्या गाड्या इथूनच मिळतात, आणि मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली ही जुनी बाजारपेठही जवळ आहे. दिवसा इथे हॉर्न आणि गर्दी असते. रात्री मात्र बऱ्यापैकी शांत होतं. शिवाय उशिरा उतरलात तरी पोटात काहीतरी पडेल असा हा शहरातला त्यातल्या त्यात भरवशाचा भाग.

कुटुंब आणि लहान मुलं घेऊन दोन दिवस फिरायला येत असाल तर कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड. रस्ते रुंद, संध्याकाळी खाण्याची रेलचेल, आणि धरण, सोमेश्वर, वायनऱ्या (वाइनचे कारखाने) याच दिशेला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात काम असेल तरी हीच बाजू सोयीची. आरोग्य विज्ञान विद्यापीठात जायचं असेल तर मात्र गंगापूर रोडच्या मोहात पडू नका. ते म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे, आणि त्यासाठी पंचवटीची बाजू जवळ पडते.

मुंबई नाका, द्वारका, इंदिरानगर, पाथर्डी फाटा हा महामार्गाचा पट्टा कंपनीच्या कामाने येणाऱ्यांचा. अंबड एमआयडीसी जवळ, पांडवलेणी जवळ, गाडी लावायला जागा. इथली हॉटेलं व्यवहाराला सरळ असतात, पक्कं बिल देतात, नाश्ता धरून दर सांगतात. सातपूरच्या कारखान्यात काम असेल तर त्र्यंबक रोडवर बघा.

नाशिक रोडला केवळ रेल्वेगाडीच्या सोयीसाठीच राहावं. नवख्या माणसाचा हमखास घोटाळा इथेच होतो: स्टेशनचं नाव नाशिक रोड, पण जुनं नाशिक तिथून नऊ-दहा किलोमीटर आत. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमाराला मुंबईकडे निघते. ती पकडायची असेल किंवा रात्री उशिरा उतरणार असाल तर स्टेशनच्या आसपास एक रात्र काढायला हरकत नाही. देवदर्शनासाठी मात्र इथे राहून रोज शहरात ये-जा करण्यात अर्थ नाही.

त्र्यंबकेश्वर हे वेगळं गाव आहे, नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरवर. नारायण नागबळीसारखा एकाहून अधिक दिवसांचा विधी असेल किंवा पहाटेचं दर्शन घ्यायचं असेल तर तिथेच राहा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास त्र्यंबकला आहे. स्वच्छता आणि शिस्त यांत त्याचा हात धरणारी जागा आसपास सापडणं कठीण. नुसतं दर्शन घेऊन परतायचं असेल तर नाशकात राहून सकाळी लवकर निघालात तरी पुरतं.

तारीख बघून घ्या

शनिवार-रविवारला गंगापूर रोडकडची चांगली हॉटेलं मुंबईकरांनी भरलेली असतात, आणि जानेवारी ते मार्च या द्राक्षाच्या हंगामात तर जास्तच. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी एवढे लोक येतात की त्र्यंबकच्या रस्त्यावर खासगी गाडी नेण्यापेक्षा एसटी बरी. पौष महिन्यात निवृत्तिनाथांची यात्रा, नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगीचा गड, रामनवमीनंतर कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ. या दिवसांत पंचवटी आणि सीबीएस भागात आयत्या वेळी खोली मिळेलच असं समजू नये. लग्नाच्या तिथीही बघा. मोठ्या मुहूर्ताला वऱ्हाडाने अख्खं हॉटेल धरलेलं असतं, आणि लॉन्सशेजारची खोली मिळाली तर वरातीची बँजोपार्टी तुमच्याच खिडकीखाली वाजते.

रंगपंचमीचं वेगळं सांगायला हवं. नाशकात रंग धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला खेळतात, आणि जुन्या नाशकात रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला पेशवेकालीन हौद, रंगाच्या पाण्याने भरलेला, ज्यात माणसं धपाधप उड्या घेतात. बघण्यासारखा प्रकार आहे. मात्र त्या दिवशी जुन्या भागात दुपारनंतर पांढरे कपडे आणि बॅगा घेऊन चेक-इन करायला जाऊ नका.

आणि सिंहस्थ कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलेलं आहे आणि मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात या लेखातले अंदाज चालणार नाहीत. तेव्हाची खोली कित्येक महिने आधी, आणि पैसे भरल्याची पावती हातात घेऊनच ठरवावी.

फोन करा, आणि हे विचारा

ॲपवर दर बघा, पण छोट्या हॉटेलात खोली घेण्याआधी थेट काउंटरला एक फोन करा. ॲपवर पैसे भरून पोचल्यावर 'आमच्याकडे असं बुकिंगच आलेलं नाही' हे उत्तर ऐकलेले लोक मला माहीत आहेत, आणि रात्री अकरा वाजता मदतकेंद्राशी भांडण्यात काही मजा नसते. फोनवर लांबण लावायची गरज नाही. साधारण असं:

'दादा, शनिवारी दोन मोठे आणि एक लहान. चेक-आउट बारा वाजताचं आहे की चोवीस तासांचं?'

हा पहिला प्रश्न सर्वांत कामाचा. बऱ्याच जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो: सकाळी सहाला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत तुमची. नव्या हॉटेलांत दुपारी बारा किंवा अकराला खोली सोडावी लागते, मग तुम्ही आदल्या रात्री कितीही वाजता आलेले असा. पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला चोवीस तासवाला लॉज परवडतो. संध्याकाळी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारी निघणाऱ्याला दोन्ही सारखेच.

दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. 'चोवीस तास गरम पाणी' असं पाटीवर असतं. प्रत्यक्षात छपरावर सोलर असतो, आणि सकाळी आठनंतर उठणाऱ्याच्या वाट्याला कोमट येतं. नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नका. शेजारच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्नानाला किंवा गडावर जायचं असेल तर बाथरूममध्ये गीझर आहे का, हे स्पष्ट विचारा. जादा ब्लँकेटचंही तेव्हाच बोलून ठेवा.

मग बाकीचं: लिफ्ट आहे का (आई-वडील बरोबर असतील तर हा प्रश्न विसरू नका, जुन्या लॉजमध्ये तिसरा मजला म्हणजे तिसरा मजला), पार्किंग आवारात की रस्त्यावर, जादा गादीचे किती, गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या झोपण्याची सोय काय, आणि सांगितलेला दर कर धरून की वगळून. कराचं सोपं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महागड्या खोलीवर १८ टक्के. त्याआधी स्वस्त खोल्यांवरही १२ टक्के लागत असे, म्हणून जुन्या सवयीने कुणी १२ लावला तर विचारा. आणि लॉजकडे जीएसटी क्रमांकच नसेल तर कर घेण्याचा प्रश्नच येत नाही. कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील त्यांनी पक्क्या बिलाची चौकशी पोचल्यावर नव्हे, फोनवरच करावी.

काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. आधारची झेरॉक्स देताना मन खात असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून काढून ठेवा. रजिस्टरमध्ये कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी, हे लिहावं लागतं. ही पोलिसांसाठीची नोंद आहे, त्यात चिडण्यासारखं काही नाही. परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा बरोबर असेल तर हॉटेलला त्याची माहिती चोवीस तासांत सरकारकडे कळवावी लागते. छोट्या लॉजना हा खटाटोप नको असतो आणि ते सरळ नाही म्हणतात. अशा वेळी मोठं हॉटेलच गाठा.

आणखी दोन गोष्टी इथे उघड बोलल्या जात नाहीत. कित्येक लॉज 'लोकल आयडी' म्हणजे नाशिकचाच पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत. घरात रंगकाम निघालंय म्हणून दोन रात्री बाहेर काढणाऱ्या नाशिककरालाही हा अनुभव येतो. दुसरं, लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने एकत्र राहण्याला कायद्याची आडकाठी नाही, पण हॉटेलवाला स्वतःच्या नियमावर बोट ठेवतो. दारात वाद घालण्यापेक्षा फोनवरच विचारलेलं बरं.

पैसे देण्याआधी खोली बघा. हे सांगायला संकोच वाटत असेल तर 'दादा, एकदा रूम दाखवता का' एवढंच म्हणा. कुणी वावगं मानत नाही. आत गेल्यावर पलंगाकडे नंतर बघा, आधी बाथरूमचा नळ सोडा आणि फ्लश ओढा. चादर उचलून गादी पाहा, खिडकीची जाळी शाबूत आहे का ते पाहा (नदीकाठच्या भागात डास असतात), दाराची आतली कडी लावून बघा. रस्त्याकडची खोली देत असतील आणि मागची रिकामी असेल तर मागचीच मागा. पसंत नसेल तर दुसरी दाखवायला सांगा, ती दाखवतात. मग पैसे, आणि अनामत घेतली तर पावतीवर ती वेगळी लिहून घ्यायची.

आता खाण्याचं: सकाळ मिसळीची

नाशकातली मिसळ म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव, आणि बाजूला रश्शाचं वेगळं भांडं. ताटात पाव, कांदा, लिंबू, बहुतेक ठिकाणी पापड, कुठे दही, कुठे जिलेबीसुद्धा. काही ठिकाणी रस्सा लाल आणि तर्रीदार, काही ठिकाणी काळ्या मसाल्याचा. कुठला खरा यावर नाशिककर एकमेकांशी भांडतील, तुम्ही पडू नका. माझं मत विचाराल तर काळ्या रश्शाची सर लाल रश्शाला येत नाही.

खायची रीत अशी. आधी कोरडी मिसळ एक घास चाखा, मग थोडा रस्सा ओता, तिखटाचा अंदाज घ्या, मग वाढवा. सगळं भांडं एकदम रिकामं करणारा नवखा आहे हे वेटरला लांबूनच कळतं. रस्सा सहसा परत मागता येतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पाव मात्र जोडीवर मोजतात. तिखट सोसत नसेल तर 'रस्सा कमी तिखट द्या' असं ऑर्डर देतानाच सांगा, आणि दही मागवा. पाणी पिऊन तिखट उतरत नाही.

कुठे? गंगापूर-सातपूर लिंक रोडच्या बाजूला बारदान फाट्याजवळ साधनाची चुलीवरची मिसळ आहे. ती शेतातल्या मोकळ्या वातावरणाची जागा आहे, मुलांना मोकळं सोडता येतं, आणि म्हणूनच रविवारी तिथे जत्रा असते. कॉलेज रोडला तुषार, सातपूरला शामसुंदर, पंचवटीत अंबिका ही नावं कुणीही सांगेल. गंगापूर रोड आणि मखमलाबादच्या अंगाला झोके, बैलगाडी, द्राक्षाचे मांडव असलेली मिसळीची नवनवी ठिकाणं निघत असतात. फोटो झकास येतात. रस्सा दर वेळी तेवढाच झकास असतो असं नाही. रविवारी नऊनंतर कुठल्याही नावाजलेल्या ठिकाणी थांबावं लागतं. काही ठिकाणी नाव लिहून नंबर घ्यायचा, काही ठिकाणी काउंटरवर आधी पैसे भरून कूपन. आत गेल्यावर आधी इतर लोक काय करतायत ते बघा, नाहीतर वीस मिनिटं टेबलावर वाट बघत बसाल आणि कुणी फिरकणार नाही. शक्यतो आठच्या आत जा, किंवा सरळ कामाच्या दिवशी. दुपारनंतर मिसळ मिळते, पण तोवर रस्सा आटून खारट झालेला असतो.

उपवास असेल तर जुन्या नाशकातल्या सायंताराचा साबुदाणा वडा. उपवास नसला तरी. आणि जुन्या नाशकातच बुधा हलवाईची जिलेबी सकाळी गरम खावी. पाववडा आणि उलटा वडापाव हे इथले आणखी दोन प्रकार: आत बटाट्याची भाजी भरलेला पाव अख्खाच पिठात बुडवून तळलेला. एक दोघांत पुरतो.

दुपारचं आणि रात्रीचं जेवण

मिसळ पोटभर झाली असेल तर दुपारी थाळीच्या नादी लागू नका. अमर्याद थाळीचे पैसे वसूल होत नाहीत. उलट सकाळी उपाशीपोटी दर्शन झालं असेल तर थाळीसारखं दुसरं काही नाही. वकीलवाडीतलं पंचवटी गौरव गुजराती-राजस्थानी थाळीसाठी जुनं नाव आहे. अशा ठिकाणी एका थाळीत दोघांनी खाता येत नाही, ताटात टाकलेलं पार्सल देत नाहीत, आणि वाढपी सतत वाढत राहतो. 'बस' म्हणून भागत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. घरगुती चव हवी असेल तर सीबीएस आणि कोर्टाच्या आसपास साध्या खानावळी आहेत. वकील, कारकून, एसटीचे वाहक जिथे जेवतात तिथे भाकरी ताजी असते आणि दुपारी दोनच्या आत संपतेही.

नाशिक खानदेशाच्या उंबरठ्यावर आहे, हे रात्रीच्या जेवणात कळतं. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण. शेवभाजी मागवाल तेव्हा भाकरी घ्या, बटर नान नको; आणि तिखट किती हे विचारून घ्या, कारण इथली 'मध्यम' ही पुण्याची 'तिखट' असते. मटण-भाकरीची हॉटेलं शहराच्या कडेला आणि महामार्गाला जास्त. पंचवटीत देवळांच्या परिसरात सामिष शोधत बसू नका.

पाट्या नीट वाचा. 'परमिट रूम' लिहिलेलं असेल तिथे दारू मिळते, आणि लहान मुलं बरोबर असतील तर 'फॅमिली रूम वेगळी आहे का' असं आधी विचारावं. 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेल्या ठिकाणी अंडंही मिळत नाही. जैन जेवण हवं असेल तर टेबलाशी बसतानाच सांगा, भाजी आल्यावर नव्हे. सोमवार, एकादशी, श्रावण अशा दिवसांत काही सामिष हॉटेलं बंद असतात, त्यामुळे फोन करून निघा.

वायनऱ्यांचं थोडक्यात. सुला, यॉर्क, सोमा या गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत. शनिवार-रविवारी जेवणाचं टेबल आधी राखून ठेवावं लागतं, वयाचा पुरावा जवळ लागतो, आणि संध्याकाळी परतताना रिक्षा सहज मिळत नाही. येतानाच परतीच्या गाडीचं ठरवा, आणि ज्याने चाखली त्याने चालवू नये. पोलीस त्या रस्त्यावर उभे असतात.

बिल आलं की

बिलावर जेवणाची रक्कम आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, एवढंच असायला हवं. एसी असो वा नसो, साध्या रेस्टॉरंटला दर तोच. फक्त ज्या बड्या हॉटेलांत साडेसात हजारांवरच्या खोल्या आहेत तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. 'सर्व्हिस चार्ज' नावाची ओळ दिसली तर ती सक्तीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढून टाकायला सांगा, आवाज न चढवता. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बाटलीबंद पाण्याचं मात्र वेगळं आहे. बसून जेवायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुभा दिलेली आहे, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नाही. साधं पाणी मागा, ते फुकट असतं.

टिप ऐच्छिक. मिसळीच्या ठिकाणी सुटे दहा-वीस ठेवले तरी चालतात, थाळीच्या हॉटेलात वाढप्याच्या हातात द्यावे. लॉजवर रात्री अकराला चहा आणून देणाऱ्या पोराला नक्की द्या. युपीआय सगळीकडे चालतं, अगदी लिंबूपाण्याच्या गाडीवरही, पण घाटाच्या गर्दीत नेटवर्क दगा देतं. दोन-तीनशे रुपये सुटे खिशात हवेत.

फिरणं आणि निघणं

रिक्षा मीटरने जायला सहसा तयार नसतात. बसण्याआधी भाडं ठरवा, किंवा ॲपवरून बोलवा. नाशिक रोड ते शालिमार-सीबीएस शेअर रिक्षा चालतात. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ पासून सुरू आहे आणि हातात एकच पिशवी असेल तर तीच स्वस्त आणि बरी.

खोली सोडल्यावर दुपारपर्यंत सामान काउंटरला ठेवू देतात, फक्त नाव लिहिलेली चिठ्ठी बॅगेला बांधा आणि पैशाचं पाकीट, दागिने, लॅपटॉप आत ठेवू नका. अनामतीचे पैसे परत घ्यायला विसरायचं नाही. न्यायचंच असेल तर कोंडाजीचा चिवडा घ्या, तो प्रवासात टिकतो. हंगाम असेल तर द्राक्षं पेटीने घ्या, पण वरचा थर बघून भुलू नका. खालचा घड उचलून पाहा आणि एक मणी चाखूनच भाव बोला. संध्याकाळची गाडी असेल तर सीबीएसहून नाशिक रोडसाठी किमान एक तास हाताशी ठेवा. द्वारकेच्या चौकात अडकलात तर त्यातला निम्मा तिथेच जातो.